लोणारच्या पाण्याची बाटली

आज आम्ही एका बाटलीची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट आमच्याच गटातली आहे, आणि चूकही आमचीच आहे, म्हणून नीट सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहिले, सह्या-अंगठे झाले. सगळ्या पांगल्या, पण एक आजी बसूनच राहिल्या. शेवटी त्यांनी पिशवीतून बाटली काढली. आत हिरवट पाणी. झाकण उघडलं तर असा उग्र वास की आम्ही नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "ताई, लोनारच्या तळ्याचं पानी आनलं. नातवाले पाजू का?"

पिशवीत बाटलीच्या शेजारी आणखी एक वस्तू होती: घडी घातलेला रक्ताचा रिपोर्ट. आठ दिवसांपूर्वीचा. पोरगा सहा वर्षांचा. तीन आठवडे ताप यायचा-जायचा. चेहरा पांढराफटक. खेळायला उठेना, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचा. कुठं पडला नाही, धडपडला नाही, तरी नडगीवर निळे डाग. घरच्यांनी दृष्ट काढली, टॉनिक दिलं, सलाईनही लावून आणलं. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं. त्यात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट अगदी कमी. डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताच्या कॅन्सरची शंका आहे, ताबडतोब मोठ्या शहरात न्या. घरात चर्चा सुरू झाली: वावर गहाण ठेवायचं की बैल विकायचे. आणि तेवढ्यात फोनवर निरोप आला, "लोणारच्या पाण्यात रक्ताच्या कॅन्सरचं औषध सापडलं, शास्त्रज्ञांचा दावा."

तो निरोप आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर आला होता. आणि तो आम्हीच पुढे पाठवला होता. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं नाव झालं म्हणून हौसेनं पाठवला. खाली हात जोडल्याची चित्रंसुद्धा टाकली.

आजींनी एक चमचा पाजूनही पाहिलं होतं. पोरानं थुंकून टाकलं. बरं झालं थुंकलं. लोणारचं पाणी किती खारं असतं हे आपल्याला ठाऊक आहे. पूर्वी त्या तळ्याचा खार काढून विकत, साबणाला आणि काचेला वापरत. शास्त्रातला एक आकडा सांगतो, पुढं तो कामाला येणार आहे. आंबटपणा-खारटपणा मोजायची एक पट्टी असते, तिला पीएच म्हणतात. साधं पाणी ७, लिंबू २ च्या आसपास, आपलं रक्त ७.४. लोणारच्या तळ्याचं पाणी १० च्या आसपास. म्हणजे कपडे धुवायच्या साबणाच्या पाण्यासारखं. ते लेकराच्या पोटात, तेही ज्याच्या हिरड्यांतून आधीच रक्त येतंय अशा लेकराच्या!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जणी आजींबरोबर आणि पोराच्या आईवडिलांबरोबर पहाटेच्या एसटीत बसलो. तिथं कमरेच्या हाडातून मगज काढून तपासला. एएलएल निघाला, म्हणजे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. आणि वेळेत, पूर्ण उपचार झाले तर बरा होणाऱ्या कॅन्सरमध्येही हा वरच्या नंबरावर आहे. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पोराची आई पहिल्यांदा रडली. तोपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पोराच्या फाईलवर औषधांची यादी होती. त्यात एक नाव आम्हाला ओळखीचं वाटलं: एल-ॲस्परॅजिनेज. फोनवरचा निरोप काढून पाहिला. त्यातही हेच नाव होतं!

मग आम्हाला स्वस्थ बसवेना. निरोप खोटा म्हणावा तर दवाखान्यात तेच औषध देत होते. खरा म्हणावा तर बाटलीतलं पाणी विषासारखं होतं. गावी आल्यावर तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. आमचं बी.ए. मराठीतलं, त्यामुळे सगळं चार-चार वेळा विचारलं. त्यांनी न कंटाळता सांगितलं. जे समजलं ते असं.

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं तर गोड लागतो. का? आपल्या लाळेत एक पदार्थ असतो, तो पिठाचे तुकडे करून साखर करतो. अशा पदार्थाला एन्झाइम म्हणतात, मराठीत विकर. विकर जिवंत नसतं. जिवाणू म्हणजे सुतार धरा, तर विकर म्हणजे त्याची करवत. प्रत्येक करवत एकच लाकूड कापते. ॲस्परॅजिनेज नावाची करवत ॲस्परॅजिन नावाचा पदार्थ कापते, आणि कापताना त्यातून अमोनिया निघतो. अमोनिया म्हणजे गोठ्यात मूत साचल्यावर नाकाला झोंबतो तोच. ॲस्परॅजिन पहिल्यांदा १८०६ मध्ये फ्रान्समध्ये सापडलं, ॲस्परॅगस नावाच्या भाजीच्या रसात. आपल्या शतावरीच्याच कुळातली ती भाजी, म्हणून असं नाव.

आता हे कॅन्सरला कसं लागू पडतं? आपल्या शरीरातल्या पेशींना ॲस्परॅजिन लागतं, पण बहुतेक पेशी ते घरीच रांधतात. या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींच्या घरी चूलच नसते, किंवा असली तरी नावाला. त्या रक्तातून आयतं उचलतात. खानावळीवर जगणाऱ्या माणसासारखं. औषध शिरेतून किंवा स्नायूत टोचलं की ते रक्तातलं सगळं ॲस्परॅजिन कापून टाकतं. खानावळ बंद! ज्यांच्या घरी चूल आहे ते तगतात, बाकीचे उपाशी मरतात. अर्थात एवढ्यानं भागत नाही, बरोबर इतर औषधंही लागतात, आणि सगळे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात.

हे उमगलं कसं, तीही गंमत आहे. गिनीपिग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या रक्तात हे विकर असतं, हे १९२२ मध्येच कळलं होतं. पण त्याचा कॅन्सरशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन किड यांनी गिनीपिगच्या रक्ताचा पिवळसर द्रव गाठी झालेल्या उंदरांना टोचला, आणि गाठी विरघळल्या. का विरघळल्या हे त्यांनाही कळेना. १९६१ मध्ये जॉन ब्रूम यांनी दाखवलं की ही करामत त्या द्रवातल्या ॲस्परॅजिनेजची. पण एका लेकरासाठी किती गिनीपिग मारणार? १९६४ मध्ये अमेरिकेत मॅशबर्न आणि रिस्टन या दोघांनी हेच विकर ई. कोलाय नावाच्या जिवाणूतून काढलं, आणि तेही उंदरांच्या गाठींवर चाललं. जिवाणू म्हणजे विरजणासारखा, चमचाभर घातला की टाकीभर वाढतो. तिथून खरी वाट मोकळी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेत या औषधाला रीतसर परवानगी मिळाली.

मग लोणार यात कुठून आलं? ई. कोलायचं विकर आपल्या शरीराला परकं असतं. काही मुलांना त्याची ॲलर्जी येते, अंगावर पित्त उठतं, श्वास कोंडतो. काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. म्हणून हे इंजेक्शन दवाखान्यातच, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. ई. कोलायचं सोसत नसेल त्या मुलांना दुसऱ्या जिवाणूचं देतात. तो जिवाणू भाज्या सडवणाऱ्यांच्या जातीतला आहे! म्हणजे सडका बटाटा फेकताना आपण ज्याला शिव्या देतो, त्याच्याच भाऊबंदाकडून लेकराचं औषध. तर असे आणखी जिवाणू कुठं मिळतात का, ज्यांचं विकर जास्त सोसेल, जास्त टिकेल, हा शोध जगभर चालू आहे. माती, समुद्र, गरम झरे, खारी तळी, सगळीकडे. आणि खारं तळं म्हटलं की आपलं लोणार.

बेसाल्टच्या काळ्या पाषाणात उल्का आदळून पडलेला १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात हे खारं पाणी. आपल्यासाठी ती लवणासुराची जागा, दैत्यसूदनाच्या आणि कमळजादेवीच्या देवळांची. संशोधकांसाठी ती अशी जागा, जिथं इतर जिवाणू मरतील तिथं काही जिवाणू सुखानं नांदतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं, आठवतं ना? तेव्हा आपल्यातल्या कित्येक जणी पाहायला गेल्या, कुणी शुभ म्हणालं, कुणी अशुभ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यामुळे मिठात राहणारे गुलाबी सूक्ष्मजीव फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या तळ्यातल्या जिवाणूंच्या विकरांवर महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत बरीच वर्षं काम झालं आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत चालतील अशी, प्रथिनं तोडणारी विकरं त्यात शोधली. आणि कॅन्सरवर चालणारं ॲस्परॅजिनेजही शोधलं. निरोपातली खरी गोष्ट इतकीच.

मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळेत नेऊन कृती दाखवली. ऐका, ही आपल्या पापडाच्या कृतीपेक्षा फार वेगळी नाही, फक्त मोजमाप कडक. आधी तळ्याचं पाणी आणि चिखल निर्जंतुक बाटलीत आणतात. आजींच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत नाही. बशीत खळीसारखं अन्न थिजवून त्यावर थेंब पसरतात. दिवस-दोन दिवसांत जिवाणूंचे ठिपके उगवतात. आता यातला कोणता ॲस्परॅजिनेज बनवतो? त्यासाठी दुसऱ्या बशीत ॲस्परॅजिन आणि एक रंग घालतात. आपल्या लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, ठाऊक आहे ना? हळद साबणाच्या खारानं रंग बदलते. तसाच तो रंग. जिवाणूनं ॲस्परॅजिन कापलं की अमोनिया सुटतो, अमोनिया खारा, म्हणून त्या ठिपक्याभोवती पिवळ्याचं गुलाबी वलय होतं. पण यात एक मेख आहे. लोणारचे जिवाणू खाऱ्या अन्नावर वाढतात, आणि अन्नच खारं असलं तर बशी आधीपासूनच गुलाबी! मग नुसत्या रंगावर भरवसा ठेवून चालत नाही. अमोनिया किती निघाला तो वेगळा मोजावा लागतो. "डोळ्याला दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही," मॅडम म्हणाल्या. आमच्या फोनवरच्या निरोपाकडे बघतच म्हणाल्या.

जो जिवाणू सापडला तो रसायनांच्या कुपीत वाढवतात, कुपी यंत्रावर हलत राहते, म्हणजे हवा मिळते. कोणती साखर घातली तर विकर जास्त येतं, किती उष्णता, किती तास, हे एकेक बदलून पाहतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीचं तसंच ठेवायचं. आमच्या मसाला गटानं हे शिकायला हवं, आम्ही एकाच घाण्यात मिरची आणि तेल दोन्ही बदलतो आणि मग चव कशानं बिघडली म्हणून भांडतो. मग गाळून घेतलेल्या रसात एक विशिष्ट क्षार घातला की प्रथिनं साकळून खाली बसतात, नासवलेल्या दुधातल्या छान्यासारखी. त्यातला क्षार पुन्हा धुवून काढायचा, मग आणखी गाळण्या. दर पायरीला माल कमी होतो आणि शुद्धता वाढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विकर मिळालं म्हणजे औषध मिळालं नाही. मिळालेल्या विकराचा स्वभाव तपासावा लागतो, आणि खरं घोडं इथंच अडतं.

पहिली गोष्ट, ते कुठल्या पीएचवर काम करतं. लोणारच्या जिवाणूची करवत ९ किंवा १० वर झकास चालत असेल, पण रक्त ७.४ आहे. तिथं ती बोथट झाली तर काय उपयोग? दुसरी, ३७ अंशाच्या अंगात किती वेळ टिकते. तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. रक्तात ॲस्परॅजिन फार थोडं असतं. काही कोंबड्या ढीग घातला तरच टिपतात, काही अंगणभर फिरून एकेक दाणा शोधतात. औषधाला दुसरी कोंबडी हवी. शेवटचा दाणासुद्धा टिपला पाहिजे, कारण कॅन्सरची पेशी त्या एका दाण्यावर जगते. चौथी, ही करवत ॲस्परॅजिनसारखा दिसणारा दुसरा पदार्थ, ग्लुटामिन, तोही कापते का? जास्त कापत असेल तर अंगाला त्रास वाढतो. आणि हे सगळं पास झालं तरी जिवाणूचं विष त्यात राहिलेलं नाही ना, हे बघायचं. मग प्राण्यांवर चाचणी, मग माणसांवर, टप्प्याटप्प्यानं. यात वर्षानुवर्षं जातात, आणि बहुतेक विकरं वाटेतच गळतात. लोणारच्या जिवाणूपासून बनलेलं इंजेक्शन आज कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. पोराला जे दिलं ते टाकीत वाढवलेल्या ई. कोलायचं होतं.

हा काटेकोरपणा किती जिवावरचा आहे बघा. ब्राझीलमध्ये २०१७ साली बाहेरून मागवलेल्या याच औषधाच्या शुद्धतेवरून मोठा वाद झाला. तपासणीत त्यात जिवाणूंची इतर नको असलेली प्रथिनं सापडली. शिक्का मारलेल्या बाटलीबद्दल इतकी भीती, तर तळ्याच्या बाटलीबद्दल काय बोलावं. शिवाय हे औषध थंड ठेवावं लागतं, २ ते ८ अंशात. एकदा पोराच्या वडिलांना ते बाहेरून आणावं लागलं, तेव्हा बर्फाचा थर्मास छातीशी धरून ते रिक्षात बसले होते. नवजात लेकरू आणावं तसे.

एक आडवळणाची गोष्ट, पण आपल्या धंद्याची आहे. बटाट्यात ॲस्परॅजिन भरपूर असतं. बटाट्याच्या चकत्या कडक तेलात तळल्या की ते साखरेशी मिळून ॲक्रिलामाइड नावाचा अपायकारक पदार्थ तयार होतो. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे उघड केलं. मोठ्या कारखान्यांत तो कमी व्हावा म्हणून हेच ॲस्परॅजिनेज, पण बुरशीपासून काढलेलं, पिठात किंवा चकत्यांवर वापरतात. आपल्याला ते नको. वेफर्स तपकिरी होईपर्यंत तळू नका, सोनेरी झाले की काढा, एवढं पुष्कळ.

मैत्रिणींनो, पोराच्या अंगावरची लक्षणं पुन्हा सांगतो, कारण आठ दिवस आम्ही गमावले ते परत येत नाहीत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळणारा ताप. पांढरा पडलेला चेहरा. न लागता उठलेले निळे-लाल डाग. हिरड्यांतून, नाकातून रक्त. हाडांचं दुखणं. मानेत, काखेत गाठी. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण रक्ताची सीबीसी तपासणी करून घ्या, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून होऊ शकते. शंका आली तर आपल्याला जवळचं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, मुंबईत परळचं टाटा आहे. बैल विकायच्या आधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. राशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात त्यांना विचारा. आमच्या पोराचे बैल गोठ्यातच आहेत. प्रवासाला आणि राहण्याला मात्र पैसा लागला, तो गटानं अंतर्गत कर्जातून दिला. परतफेडीची मुदत वाढवून दिली, त्यावरून बैठकीत दोन जणींनी तोंड सोडलं, तेही सांगून टाकतो.

व्हॉट्सॲपवरचा तो निरोप आम्ही खोडला. पण खोडल्यानं जिथं गेला तिथून परत येत नाही. म्हणून ज्या-ज्या गटांना पाठवला होता त्यांना एकेक फोन केला. तेवीस फोन. तीन ठिकाणी बायांनी सांगितलं की पाणी आणून ठेवलंय. एकीनं सासूच्या स्तनाच्या गाठीवर लावायला आणलं होतं. तिला घेऊन आम्ही तपासणीला गेलो.

पोरगा आता उपचाराच्या दुसऱ्या वर्षात आहे. इंजेक्शनांचा कठीण टप्पा संपला, आता रोज गोळ्या आणि ठरलेल्या तारखेला तपासणी. केस परत आलेत, पहिल्यापेक्षा कुरळे. शाळेत जातो, आणि वर्गात सगळ्यांना कमरेवरची सुईची खूण दाखवतो.

बाटली बरेच दिवस आमच्या कार्यालयातल्या फळीवर होती. आतलं पाणी आटत गेलं, काचेला पांढरा खार चिकटला. नवरात्रात आजी कमळजादेवीच्या दर्शनाला निघाल्या तेव्हा मागून घेऊन गेल्या. उरलेलं पाणी त्यांनी तळ्याच्या काठाला ओतलं, हात जोडले. बाटली तेवढी गोमुखाच्या धारेवर धुवून परत आणली. म्हणाल्या, "काच चांगली हाय, तेलाले होईन."